न उजळणारा दिवा

तंबोऱ्याची तार छेडली असता जो नाद घुमतो, त्यास व्यवहारात एक स्वर म्हणतात. वस्तुतः तो अनेक स्वरांचा मेळा असतो. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर त्यात मिसळलेले असतात आणि घोडीवर जवारी नीट लागली म्हणजे ते एकामागून एक फुलत जातात. भारतीय तंतुवाद्यांच्या या उपस्वर-वैभवाकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. तंबोरा आणि वीणा यांच्या रुंद, वक्राकार घोड्यांमुळे जे उपस्वर युरोपीय सिद्धान्तानुसार उमटूच नयेत, तेही स्पष्ट उमटतात, असे त्यांनी दाखवून दिले. वाद्याचे सौंदर्य या उपस्वरांत आहे. ते सारे काढून टाकले तर मागे राहील तो एक अगदी साधा, निर्विकार, जवळजवळ बेचव नाद. कोणी गवई त्यावर लुब्ध होणार नाही.

परंतु ज्याला गाणे ऐकावयाचे नसून गाणे ऐकविणारे यंत्र तपासावयाचे आहे, त्याला हाच बेचव नाद हवा असतो. ध्वनिक्षेपक, ध्वनिमुद्रणाचे यंत्र किंवा रेडिओ स्टेशनातील ॲम्प्लिफायर आपल्याकडे आलेला नाद जसाच्या तसा पुढे पाठवितो की त्यात पदरची भर घालतो, हे ठरवावयाचे कसे? तंबोऱ्याचा नाद आत सोडला तर बाहेर येणाऱ्या उपस्वरांपैकी तंबोऱ्याचे कोणते व यंत्राचे कोणते, याचा निवाडा अवघड होईल. उलट, आत एकच एक निर्भेळ स्वर सोडला, तर बाहेर त्याखेरीज जे काही निघेल ते सारे यंत्राचे पाप, हे निःसंशय म्हणता येते. विद्युत्‌शास्त्रात अशा निर्भेळ स्वराच्या तरंगास 'साइन' तरंग म्हणतात आणि तो उत्पन्न करणाऱ्या उपकरणास ऑसिलेटर.

साइन हा शब्द ऐकून ही वस्तू सर्वस्वी परकी आहे असे कोणी समजू नये. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास रचलेल्या 'आर्यभटीया'त ३ अंश ४५ कलांच्या अंतराने चोवीस अर्धज्यांचे फरक दिले आहेत. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. तिचाच पर्याय 'जीवा'. हा शब्द अरबी गणितात गेला, तेथे लिपीच्या सोयीने त्याचे रूप बदलले आणि बाराव्या शतकातील लॅटिन भाषांतरकारांनी अरबीतील 'जैब' म्हणजे झोळ किंवा खोळ असा अर्थ घेऊन त्याचे 'सायनस' केले. तेव्हा साइन तरंग म्हणजे आपला ज्या-तरंगच होय. चाक एकसारख्या गतीने फिरत असता त्याच्या कडेवरील एका बिंदूची उंची जशी चढत-उतरत जाईल, तसा हा तरंग चढतो आणि उतरतो. त्यास कोठेही कोपरा नाही, सपाटी नाही, धक्का नाही.

हा तरंग किती शुद्ध असावा? याचे उत्तर ज्या यंत्राची परीक्षा घ्यावयाची त्यावर अवलंबून आहे. वजनमापे तपासणाऱ्या निरीक्षकाच्या पेटीत जी प्रमाण वजने असतात, ती दुकानदाराच्या वजनांहून कितीतरी अधिक अचूक असावी लागतात. नाहीतर कोण कोणास तपासतो आहे हेच कळणार नाही. ऑसिलेटरचेही तसेच आहे. चांगल्या ॲम्प्लिफायरमध्ये मूळ तरंगाच्या दहा हजारांत एक भाग, म्हणजे ०.०१ टक्का, एवढीच भेसळ होत असेल, तर ती पकडण्यासाठी हाती असलेल्या तरंगातील भेसळ एक लाखात एक भाग, म्हणजे ०.००१ टक्का, याहून जास्त असून चालणार नाही. एका व्होल्टाच्या तरंगात ही भेसळ दहा मायक्रोव्होल्ट इतकीच होते. या भेसळीस तंत्रज्ञ विरूपण म्हणतात. असे अल्प-विरूपणाचे उपकरण विकत घ्यावयाचे तर पुष्कळ पैसा पडतो. नवलाची गोष्ट ही की, घरच्या टेबलावर, थोडक्या खर्चात आणि पुष्कळशा धीराने ते तयार करता येते. त्याच्या घडणीत विजेच्या ज्ञानाइतकाच नियमनाचा एक मोठा धडा दडलेला आहे.

ऑसिलेटरचे मूळ तत्त्व झोपाळ्याचे आहे. झोपाळ्यास एकदा झोका दिला तर तो हळूहळू मंदावतो आणि थांबतो, कारण प्रत्येक फेरीत घर्षणाने थोडी शक्ती खाल्ली जाते. जेवढी शक्ती खर्च झाली तेवढीच प्रत्येक फेरीत योग्य क्षणी भरून दिली, तर झोका अखंड चालू राहतो. विद्युत्‌मंडलात ही भरपाई ॲम्प्लिफायर करतो. त्यातून बाहेर पडलेल्या तरंगाचा काही अंश पुन्हा त्याच्याच मुखाशी आणून सोडतात. यास फीडबॅक म्हणतात. परत आलेला अंश तरंगाला साथ देणारा असेल तर तो पोषक, आणि विरोध करणारा असेल तर तो विरोधी फीडबॅक होय.

आता कोणत्या कंपनसंख्येचा तरंग टिकावा हे ठरविणारी एखादी चाळणी हवी. घरी बनवावयाच्या ऑसिलेटरमध्ये बहुधा मॅक्स वीन या जर्मन शास्त्रज्ञाच्या १८९१ सालच्या मांडणीचा उपयोग करतात. तीत दोन सारखे रेझिस्टर आणि दोन सारखे कपॅसिटर असतात. एक जोडी एकापुढे एक अशी जोडलेली, दुसरी जोडी शेजारी शेजारी. या मांडणीतून एका ठराविक कंपनसंख्येचा तरंग पुढेमागे न सरकता पार होतो, मात्र त्याची उंची बरोबर एक तृतीयांश होते. बाकीच्या कंपनसंख्यांचे तरंग थोडे आधी किंवा थोडे उशिरा पोहोचतात, आणि त्यांची उंचीही याहून कमी राहते. म्हणजे ॲम्प्लिफायरने त्या एका तरंगास बरोबर तिप्पट केले, की गेले तेवढे परत मिळाले आणि झोका अखंड चालू राहिला.

सारी मेख 'बरोबर तिप्पट' या दोन शब्दांत आहे. वर्धन तिपटीहून केसभर कमी असेल तर तरंग हळूहळू विझून जातो. केसभर अधिक असेल तर तो फेरीगणिक वाढत जातो, आणि ॲम्प्लिफायरला मिळणाऱ्या विजेच्या दाबाची सीमा गाठली म्हणजे त्याचे माथे व तळ कापले जातात. माथा कापलेला तरंग हा ज्या-तरंग नव्हे. त्यात उपस्वरांची गर्दी झालेली असते. मग अगदी अचूक रेझिस्टर आणून वर्धन बरोबर तीनवर का बांधून टाकू नये? कारण 'बरोबर' असे माप बाजारात मिळत नाही. एक टक्क्याच्या नव्हे, हजारात एक भागाच्या अचूकतेचे रेझिस्टर घेतले, तरी तरंग एक तर वाढत राहील किंवा विझत राहील. स्थिर राहणार नाही. ऊन वाढले, खोली गार झाली, घटकांचे वय झाले, की मोजमाप पुन्हा ढळणार. समतोल एकदा साधून कायमचा बांधून ठेवता येत नाही. तो क्षणोक्षणी राखावा लागतो.

हा समतोल राखण्याची अत्यंत साधी युक्ती कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम ह्यूलेट या तरुण विद्यार्थ्याने योजिली. फ्रेडरिक टर्मन हे त्याचे प्राध्यापक. त्या काळी श्राव्य कंपनसंख्येचे ऑसिलेटर वेटोळी आणि कपॅसिटर यांच्या जोडीवर चालत, अथवा दोन उच्च कंपनसंख्यांच्या तरंगांतील फरक काढून चालत. पहिल्या प्रकारात वेटोळी अवजड होत, आणि कपॅसिटर दसपट फिरविला तरी कंपनसंख्या जेमतेम सव्वातीनपट बदले. दुसऱ्या प्रकारात फरकाचा तरंग जागेवर राहत नसे. वीनच्या मांडणीत मात्र कपॅसिटर दसपट फिरविला की कंपनसंख्याही दसपट बदलते. अडचण होती ती उंची स्थिर ठेवण्याची. ह्यूलेटने विरोधी फीडबॅकच्या मार्गात एक लहानसा विजेचा दिवा बसविला. त्या दिव्याने प्रकाश द्यावा अशी अपेक्षाच नव्हती.

या दिव्याचे काम असे चालते. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो. ऑसिलेटरमधील तरंगाची उंची वाढली, तर दिव्यातून अधिक वीज वाहते, तार अधिक तापते, तिचा रोध वाढतो आणि त्यामुळे ॲम्प्लिफायरचे वर्धन कमी होते. उंची कमी झाली, तर तार निवते, रोध उतरतो आणि वर्धन वाढते. दोन्ही बाजूंनी ओढ एकाच बिंदूकडे लागते, आणि तो बिंदू म्हणजे बरोबर तिप्पट. बाहेरून कोणी हात लावीत नाही. तरंग स्वतःच दिव्याला तापवितो आणि तोच दिवा तरंगाला आवरतो.

या शोधाचा इतिहास पाहता एक गोष्ट मनावर ठसते. त्यातील प्रत्येक अंग आधीच अस्तित्वात होते. वीनची मांडणी १८९१ सालची. ती मोजमापासाठी केलेली होती, आणि तिला जिवंत करील असा ॲम्प्लिफायर त्या वेळी जगात नव्हता. विरोधी फीडबॅकची कल्पना बेल कंपनीच्या हॅरॉल्ड ब्लॅक या अभियंत्याला १९२७ साली कामावर जाताना नावेत सुचली. दिव्याने तरंगाची उंची आवरण्याची युक्ती त्याच कंपनीच्या मीचम याने १९३८ साली स्फटिकाच्या ऑसिलेटरसाठी प्रसिद्ध केली होती. ह्यूलेटचे श्रेय हे की, ही तीन अंगे त्याने एकत्र आणली आणि त्यांतून साधे, स्वस्त, हाताने फिरविता येणारे उपकरण घडविले. १९३९ साली त्याने व डेव्हिड पॅकार्डने पालो आल्टो गावातील एका मोटारखान्यात आपला उद्योग मांडला, त्याचे पहिले उत्पादन हेच. त्याची किंमत होती ५४ डॉलर ४० सेंट. त्याच्या सुधारित आवृत्तीचे आठ नग वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने 'फँटेशिया' या १९४० सालच्या चित्रपटाच्या ध्वनिव्यवस्थेसाठी घेतले. पुढे जगभर पसरलेल्या एका प्रचंड उद्योगाचा पाया या न उजळणाऱ्या दिव्यावर घातला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्यूलेटने निर्वात नळ्या वापरल्या होत्या. आजच्या हौशी कारागिराला त्यांची गरज नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, बंगळूरचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, कोठेही गेले तरी आठ पायांची ऑप-अँप चकती मिळते. एनई ५५३२ या जातीच्या एकाच चकतीत दोन उत्तम ॲम्प्लिफायर बसविलेले असतात. वीनच्या मांडणीसाठी सोळा हजार ओहमचे दोन रेझिस्टर आणि दहा नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर घ्यावेत. रोध आणि धारिता यांच्या गुणाकारास ६.२८ ने गुणून एकास त्याने भागले की कंपनसंख्या मिळते. येथे ती ९९५ हर्ट्झ येते, म्हणजे चाचणीसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एक हजार हर्ट्झच्या अगदी जवळ. दिवा २८ व्होल्ट व ४० मिलिअँपिअरचा असावा. ३२७ या क्रमांकाने ओळखला जाणारा हा बारीक दिवा पूर्ण उजळला असता त्याचा रोध सातशे ओहम होतो. थंड असताना तो त्याच्या एक दशांशाच्या आसपास असतो. ॲम्प्लिफायरच्या मुखापासून जमिनीच्या तारेपर्यंत हा दिवा आणि बाहेरच्या टोकापासून त्याच मुखापर्यंत ४३० ओहमचा रेझिस्टर जोडला, तर वर्धन तीन होण्यासाठी दिव्याला २१५ ओहमवर येऊन स्थिर व्हावेच लागते. इतक्या रोधावर तार पूर्ण उजळण्याच्या तापमानाहून पुष्कळ खाली असते. ती उजळत नाही आणि म्हणूनच वर्षानुवर्षे तुटतही नाही. ४३० ओहमच्या जागी थोडा बदलता येणारा रेझिस्टर बसविला तर त्यायोगे तरंगाची उंची हवी तेवढी ठेवता येते. रोध वाढविला की दिव्याला अधिक तापावे लागते आणि तरंग उंच होतो. बटण दाबल्यावर तरंगाचा आरंभ कोण करून देतो, असा प्रश्न एखाद्या चौकस श्रोत्याच्या मनात येईल. रेझिस्टरमधील विद्युत्कणांची जी उष्णताजन्य चुळबूळ सतत चाललेली असते, तीच पहिला झोका देते. त्या वेळी दिवा थंड असल्याने वर्धन तिपटीहून बरेच अधिक असते, आणि क्षणार्धात तरंग उभा राहतो.

येथवर काम एका संध्याकाळचे आहे. खरे काम यानंतर सुरू होते, कारण तरंग उभा राहिला म्हणजे तो शुद्ध झाला असे नाही. भेसळ अनेक वाटांनी शिरते. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरची धारिता त्यावरील विजेच्या दाबाबरोबर बदलते. तरंगाच्या माथ्यावर एक आणि मध्यावर दुसरी. असा कपॅसिटर चाळणीत बसविला तर चाळणीच भेसळ करू लागते. म्हणून तेथे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टायरीन जातीचे कपॅसिटर घ्यावेत, सिरॅमिकच घेणे असेल तर सी-झीरो-जी या जातीचे, आणि रेझिस्टर धातूच्या पातळ थराचे. कंपनसंख्या बदलण्यासाठी एका दांडीवरचे जोडपोट बसविले, तर त्याच्या दोन भागांतील लहानशी तफावतही तरंगाची उंची हलवून सोडते. यास्तव पहिल्या प्रयत्नात एकाच कंपनसंख्येवर समाधान मानणे शहाणपणाचे. वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून पन्नास आणि शंभर हर्ट्झची गुणगुण शिरते. तिला टाळण्यासाठी दोन बॅटऱ्या वापराव्यात आणि सारे मंडल लोखंडी डब्यात बंद करावे. दिव्याची तार बारीक असल्याने टेबलाला धक्का लागला तरी ती थरथरते आणि तरंगाची उंची डळमळते; तेव्हा दिवा मऊ रबरावर बसवावा. तसेच चकतीकडून अवजड काम घेऊ नये. जेवढा भार कमी, तेवढा तरंग निकोप.

हे सारे केल्यावर किती शुद्धता साधली हे मोजावे लागते, आणि येथे हौशी माणूस खऱ्या पेचात सापडतो. एक लाखात एक भाग मोजणारे उपकरण त्याच्यापाशी नसते. पण याही पेचातून वाट आहे. सहा निवडक रेझिस्टर-कपॅसिटरांची 'ट्विन-टी' नावाची एक मांडणी करता येते. ती नेमका मूळ स्वरच गिळून टाकते आणि उपस्वरांना वाट देते. तीत ॲम्प्लिफायर नसतो, म्हणून घटक चांगले असतील तर ती आपल्या पदरची भेसळ जवळजवळ करीत नाही. मूळ स्वर अशा रीतीने हजारपटीने खाली आणला, की उरलेला गाळ कोणत्याही साध्या संगणकाच्या ध्वनिफलकाने तपासता येतो. मात्र एक हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. ही मांडणी उपस्वरांनाही थोडे दाबते. दुप्पट कंपनसंख्येचा उपस्वर तीतून सुमारे पस्तीस टक्के, आणि तिप्पट कंपनसंख्येचा सुमारे पंचावन्न टक्केच बाहेर पडतो. जो हा हिशेब विसरेल, त्याला आपला तरंग आहे त्याहून शुद्ध भासेल. आणि स्वतःच्या कामाचे मोजमाप स्वतःच करणाऱ्याने या मोहाविषयी विशेष सावध असावे. एका वेळी एकच घटक बदलावा, मोजावे, वहीत नोंद करावी, मग पुढचा घटक घ्यावा. दोन घटक एकदम बदलले आणि सुधारणा दिसली, तर श्रेय कोणाचे हे कधीच कळत नाही.

अशा मोजणीत लवकरच ध्यानात येते की, इतर सर्व दोष दूर केले तरी एक दोष उरतो, आणि तो नियमन करणाऱ्याच्या स्वभावातच असतो. या विषयाचे सार येथे आहे.

तरंगाची उंची आवरण्याचा एक सोपा मार्ग असा की, दोन डायोड बसवावेत आणि तरंग मर्यादेबाहेर जाऊ लागला की त्याला तेथेच अडवावे. हे नियमन तत्काळ होते. प्रत्येक तरंग तपासला जातो आणि प्रत्येकाच्या माथ्यावर थोडी कात्री चालते. परिणाम असा की उंची अगदी स्थिर राहते, पण एकही तरंग धड राहत नाही. दिवा याच्या उलट वागतो. त्याची तार तापायला आणि निवायला वेळ लागतो. एक हजार हर्ट्झचा तरंग एक हजारांश सेकंदात संपतो. तेवढ्यात तारेचे तापमान जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे कोणत्याही एका तरंगापुरता दिवा म्हणजे एक साधा, निर्दोष रेझिस्टर असतो. तो एकेका तरंगाला जाब विचारीत नाही. शेकडो तरंगांची सरासरी चाल पाहून त्याप्रमाणे आपला रोध हळूच सरकवतो. नियमन आहे, पण ते तरंगाच्या अंगाला लागत नाही.

या मंदपणाची किंमतही मोजावी लागते. कंपनसंख्या बदलली किंवा बटण नुकतेच दाबले, तर उंची लगेच स्थिरावत नाही. ती थोडी वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते आणि मग शांत होते. घाईच्या माणसाला हे खपत नाही. दुसरे असे की, कंपनसंख्या वीस हर्ट्झपर्यंत खाली आणली, तर एकेक तरंग एवढा सावकाश होतो की दिव्याला त्याच्या प्रत्येक अर्ध्या फेरीत थोडे तापावयास आणि थोडे निवावयास वेळ मिळतो. मग रोध तरंगाच्या दुप्पट गतीने हलू लागतो, आणि त्यातून तिप्पट कंपनसंख्येचा उपस्वर जन्मास येतो. म्हणजे ज्याने शुद्धता राखावयाची तोच आता भेसळ करू लागतो. त्याचा स्वभाव बदललेला नसतो. बदललेला असतो तरंगाचा वेग. नियामकाने किती मंद असावे हे स्वतःच्या सोयीवर न ठरवता, ज्याचे नियमन करावयाचे त्याच्या गतीवर ठरवावे लागते. फार चपळ असेल तर तो काम बिघडवतो, फार मंद असेल तर वेळेवर सावरत नाही. या दोहोंमधील जागा शोधणे हीच अल्प-विरूपण ऑसिलेटर घडविणाऱ्याची सारी साधना होय.

पुढील पिढ्यांनी ही जागा नाना उपायांनी शोधली. कोणी दिव्याच्या जागी थर्मिस्टर बसविला, कोणी फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर, तर कोणी प्रकाशाने रोध बदलणारी घटिका. १९८१ साली अमेरिकेतील 'ऑडिओ' मासिकात बॉब कॉर्डेल यांनी विरूपण मोजण्याचे यंत्र घरी कसे बांधावे याची लेखमाला लिहिली. तीत त्यांनी वीनऐवजी दोन समाकलकांची साखळी वापरली. समाकलक वरच्या उपस्वरांना आपोआप दाबतो, हा तिचा लाभ. आणि १९९० साली जिम विल्यम्स या अभियंत्याने ह्यूलेटच्याच मांडणीकडे पुन्हा वळून तिला आधुनिक अंगे दिली. त्यांनी एक सूक्ष्म दोष हेरला. साध्या मांडणीत ॲम्प्लिफायरची दोन्ही मुखे तरंगाबरोबर एकदम वरखाली होत असतात, आणि या सामाईक हालचालीने ॲम्प्लिफायर किंचित चुकतो. दुसरा ॲम्प्लिफायर योजून त्यांनी ती मुखे शून्यावर स्थिर केली. उंचीचे नियमनही प्रकाशघटिकेकडे सोपवून त्यातील चढउतार कसून गाळून घेतले. अखेर विरूपण ०.०००३ टक्क्यावर, म्हणजे दहा लाखांत तीन भागांवर आले. ह्यूलेटच्या काळी ज्याची मोजणी टक्क्याच्या हिशेबाने होई, ते पन्नास वर्षांत असे दशलक्षांशांत मोजले जाऊ लागले. पण मूळ मांडणी वीनची, आणि मूळ विचार ह्यूलेटचाच राहिला.

आज संगणकाला जोडण्याची चांगली ध्वनियंत्रे अंकांच्या साहाय्याने अत्यंत शुद्ध ज्या-तरंग निर्माण करू शकतात, हे खरे. मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. एक उत्तर व्यवहाराचे आहे. अंकांपासून तरंग घडविणाऱ्या आणि तो मोजणाऱ्या यंत्रांत एकाच जातीचे दोष असले, तर ते एकमेकांना झाकू शकतात. निराळ्या तत्त्वावर चालणारा एक साक्षीदार हाताशी असलेला बरा. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. तयार यंत्राच्या पेटीवर शुद्धतेचा आकडा छापलेला असतो आणि तो विश्वासाने घ्यावा लागतो. जो आपल्या हाताने रेझिस्टर निवडतो, डाख देतो, गुणगुणीचा माग काढतो आणि गाळातील मायक्रोव्होल्ट मोजतो, त्याला तो आकडा कोठून येतो आणि कोठे निसटतो हे कळते. विज्ञानाचे शिक्षण याहून फारसे वेगळे नाही. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हे काम आवाक्यातील आहे. त्यास लागतात थोडेसे पैसे, एक डाखणी, एक वही, आणि आपल्याच निष्कर्षावर लगेच विश्वास न ठेवण्याची सवय.

यंत्रविद्येत बळाचे कौतुक फार होते. अमुक इतक्या अश्वशक्तीचे एंजिन, अमुक इतक्या किलोवॉटचे क्षेपणकेंद्र, या आकड्यांनी माणूस दिपतो. ऑसिलेटरमधील दिवा या सर्वांपुढे अगदी क्षुद्र होय. तो कोणाला दिसत नाही, त्याचा उजेड पडत नाही, आणि त्याचे काम जितके चांगले होते तितके ते कमी जाणवते. मात्र तो काढून घेतला तर तरंग एक तर विझून जातो किंवा स्वतःचेच माथे फोडून घेतो. शुद्धता ही बंधनाच्या अभावाने येत नाही आणि बंधनाच्या जाचानेही येत नाही. बंधन कोठे असावे, किती असावे आणि किती सावकाश लागू व्हावे, हे ज्याला साधले त्याच्या हाती अखेर एक निर्भेळ स्वर येतो.